काळा पाषाण आणि मांजऱ्या : विहिरीआधी खडक बघा

माघ सरला की आपल्या जिल्ह्यात दोन गाड्या रात्रंदिवस फिरताना दिसतात. एक उसाची, दुसरी बोअरची. उसाची गाडी काही घेऊन जाते. बोअरची गाडी मात्र सांगोल्याच्या माळावर, मंगळवेढ्याच्या रानात, करमाळ्यात, बार्शीत रात्रभर धडधडते, करड्या फुफाट्यानं बांधावरच्या बाभळी माखून टाकते आणि सकाळी निघून जाते. मग चावडीवर एकच प्रश्न असतो, "काय लागलं?" उत्तरही ठरलेलं. "काळा लागला," नाहीतर "मांजऱ्या लागला."

या एका शब्दावर एका घराचं पुढच्या कित्येक वर्षांचं गणित ठरतं. डाळिंबाची बाग उभी राहणार की सरपणाला जाणार, पोरगं रानात थांबणार की पुण्याच्या गाडीत बसणार, हे त्या खडकावर असतं. असं असूनही खडकाची चौकशी होते ती बोअर झाल्यावर. आधी येतो पाणाड्या. तळहातावर नारळ उभा राहतो, हातातली बेचकी फिरते, जागेवर खुणेचा दगड पडतो. पाणाड्यांशी माझं वैर नाही. जुने पाणाडे झाड, वारूळ, ओढ्याचं वळण, शेजारच्या विहिरीचा कठडा, सगळं डोळ्याखालून घालत. त्यांचं निम्मं शास्त्र डोळ्यांत होतं आणि नारळ नुसता नावाला. पण हे डोळ्यांचं काम शेतकऱ्याला स्वतःला करता येतं. खडक फक्त जमिनीखालीच नसतो. तो जुन्या विहिरीच्या पोटात, ओढ्याच्या दरडीला, रस्ता खोदलाय तिथं उघडा पडलेला असतो. तो बघायला पैसे लागत नाहीत.

एका काहिलीतला गूळ

काळा पाषाण आणि मांजऱ्या हे दोन वेगळे दगड आहेत असं आपण धरून चालतो. मुळात ते एकाच लाव्हाचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त रस वर आला, पसरला, थिजला. त्यावर काही काळानं दुसरा थर, मग तिसरा. भाकरीच्या चवडीसारखे थर एकावर एक बसले. आज हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे, महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग त्याच्यावरच उभा आहे आणि आपला सोलापूर जिल्हा तर जवळजवळ सबंध. शास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात.

मग एकाच रसाचे दोन खडक कसे झाले? ज्यानं गुऱ्हाळ बघितलंय त्याला हे लगेच कळेल. काहिलीत रस दाटायला लागला की बुडबुडे वर येतात. तो दाट रस फेसासकट थंड झाला तर ढेपेच्या वरच्या अंगाला भोकं दिसतात आणि खालची ढेप भरीव असते. लाव्हाचं तसंच झालं. आतला वायू आणि वाफ वर यायला लागली. वरचा पापुद्रा लवकर थिजला, बुडबुडे तिथंच अडकले. तो मांजऱ्या. मधला भाग सावकाश थंड झाला, त्यातला वायू निघून गेला, तो घट्ट आणि काळा झाला. तो पाषाण. थंड होताना तो आक्रसला, म्हणून त्याला चैत्रातल्या काळ्या रानासारख्या उभ्या भेगा पडल्या. त्यांना सांधे म्हणायचं. सगळीकडं त्या सारख्या नाहीत. कुठं बोट जाईल एवढ्या, कुठं केसाएवढ्या, कुठं अजिबात नाहीत.

जाता जाता एक सांगतो. सोलापूरहून रायचूरकडं रेल्वेनं गेलात तर खिडकीतून खडकाची शाळाच दिसते. कलबुर्गीपर्यंत आपलाच काळा दगड सोबत असतो. पुढं शहाबाद-वाडीला तो संपतो आणि आपल्या घरात फरशी म्हणून बसलेला शहाबादी लागतो. तो पाण्याखाली गाळ साचून झालेला, आगीचा नव्हे. आणखी पुढं यादगीरच्या बाजूला गोल गोल धोंड्यांच्या टेकड्या सुरू होतात. तो ग्रॅनाइट. तोही तप्त रसाचाच, पण जमिनीच्या खोल पोटात अतिशय सावकाश थंड झालेला, म्हणून त्यात साखरेसारखे मोठे दाणे दिसतात. वय विचाराल तर आपल्या दगडाच्या कितीतरी पट, अडीचशे कोटी वर्षांच्या घरात. तिकडच्या बोअरचे अनुभव इकडं लावू नयेत ते याचसाठी. पाहुणा सांगतो "आमच्याकडं चारशे फुटांवर धो धो पाणी लागलं" आणि आपण गाडी बोलावतो. पाहुण्याचा खडक कोणता, हे कोणी विचारत नाही.

ओळखायचे कसे?

घणाचा घाव घाला. काळ्या पाषाणावर खणखणीत आवाज येतो, हाताला झिणझिण्या येतात, टवका उडतो तो धारदार. फुटलेला भाग एकसारखा, निळसर काळा. देवळाचे चिरे, जाती, पाटा-वरवंटा याच दगडाचे. रस्त्याची खडीही याचीच. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर ज्यांनी खडी फोडली, त्यांना या दगडाची जात पुस्तकातून शिकवायला नको.

मांजऱ्यावर घाव घातला तर आवाज बद येतो. रंग एक नाही. राखाडी, तांबूस, जांभळट, कुठं हिरवट. अंगावर वाटाण्याएवढी, हरभऱ्याएवढी भोकं किंवा पांढरे ठिपके. हे ठिपके म्हणजे भोकांत मागाहून क्षाराचं पाणी शिरून साठलेली खनिजं. शास्त्रज्ञ त्यांना झिओलाइट, कॅल्साइट वगैरे म्हणतात. विहीर खोदताना कधी चकाकणारे स्फटिक निघतात आणि गडी "हिरे लागले" म्हणून पळत येतात, ते हेच. हवापाणी लागलं की मांजऱ्या लवकर झिजतो, त्याचे गोल गोल पापुद्रे सुटतात आणि त्याचा मुरूम होतो. घरबांधणीला कोणी तो हातात घेत नाही. गवंडी त्याला नावं ठेवतो, वडार त्याला दगडच मानत नाही. पाण्याच्या हिशेबात मात्र हाच नावं ठेवलेला दगड कामाचा.

इथं एक गैरसमज काढायला हवा. भोकं दिसली म्हणजे पाणी आहेच, असं नाही. ताज्या, न झिजलेल्या मांजऱ्यातली भोकं एकमेकांना जोडलेली नसतात आणि बरीचशी खनिजानं बुजलेली असतात. शंभर बंद डब्या शेजारी शेजारी ठेवल्या तरी एका डबीतलं पाणी दुसरीत जात नाही, तसंच हे. मांजऱ्याचा खरा गुण म्हणजे तो लवकर कुजतो. झिजून त्याला आडव्या चिरा पडतात, ठिपक्यांतली खनिजं सुटतात, आणि मग तो पाणी धरतो आणि देतोही. उलट काळा पाषाण लवकर झिजत नाही. त्याच्या पोटात पाणी मावायला जागाच नाही. पाणी असेल तर सांध्यात. म्हणून "काळा लागला" म्हणजे संपलं, असंही नाही. सांधे मोकळे असतील तर काळाही पाणी देतो. नसतील तर सोन्याचा नांगर लावला तरी व्यर्थ.

माझ्या सजातल्या एका गावात एकाच बांधाच्या अलीकडं-पलीकडं दोन सख्ख्या भावांच्या विहिरी आहेत. धाकट्याची सहा परस. (नव्या मंडळींसाठी : परस म्हणजे पुरुषभर, साडेपाच-सहा फूट.) वर दोन परस मुरूम, मग तीन परस सडका मांजऱ्या, तळाला काळा. फाल्गुनापर्यंत मोटर रोज दोन-अडीच तास चालते. थोरल्याची विहीर आठ परस, पण दीड परसावरच काळा लागला तो तळापर्यंत तोच. सुरुंग, यारी, मजुरी, सगळा खर्च धाकट्याच्या दुप्पट, आणि पाणी संक्रांतीला संपतं. थोरले अण्णा मला म्हणाले, "साहेब, एका आईची दोन लेकरं, एका वाटणीची दोन रानं, मग पाणी एकाकडंच कसं?" मी त्यांना ओढ्याकडं घेऊन गेलो. दरडीला दिसत होतं की त्यांच्या बाजूचा मांजऱ्याचा थर कधीच धुपून गेलाय आणि धाकट्याच्या बाजूला तो अजून टिकून आहे. अण्णा बराच वेळ दरड बघत उभे राहिले. मग म्हणाले, "वाटणी करताना वर बघितलं, खाली कोण बघतंय?"

आकडा बोलतो तो असा

भूजलाचा अंदाज बांधण्यासाठी केंद्रीय समितीनं १९९७ साली जी पद्धत घालून दिली, तिच्यात पावसाचा किती हिस्सा जमिनीत मुरतो याचे खडकावार आकडे आहेत. पोकळ्या आणि सांधे असलेल्या बेसाल्टसाठी १३ टक्के, झिजलेल्या बेसाल्टसाठी ७ टक्के, आणि भेगा नसल्यासारख्या घट्ट खडकासाठी १ टक्का. हे सर्वसाधारण आकडे आहेत, तुमच्या गटाला जसेच्या तसे लागू होतील असं नव्हे. पण हिशेब करून बघा. आपल्याकडं वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपण ५०० धरू. चांगल्या मांजऱ्यावर त्यातला ६५ मिलिमीटर मुरला, म्हणजे एकरी दोन लाख साठ हजार लिटर. घट्ट काळ्यावर मुरला ५ मिलिमीटर, म्हणजे एकरी वीस हजार लिटर, पाण्याचे दोन मोठे टँकर. पाऊस तोच, रान तेवढंच.

आता पिकाकडं या. रब्बी ज्वारीला पोटरीत असताना एक संरक्षित पाणी द्यायचं तर साठ-सत्तर मिलिमीटर लागतं. म्हणजे एक एकर चांगल्या मांजऱ्यानं वर्षभरात कमावलेलं पाणी एक एकर ज्वारीला एकदा पुरतं. पाटानं भिजवलेल्या उसाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढं पाणी जातं. एक एकर उसासाठी तीस एकर मांजऱ्याची कमाई खर्ची पडते, आणि घट्ट काळ्यावर हाच हिशेब चारशे एकरांवर जातो. ज्यांना उजनीचा कालवा आहे त्यांची गोष्ट वेगळी. नुसत्या विहिरीच्या जोरावर, खडक न बघता उसाचं टिपरू लावणारा माणूस शेजारच्या तीस जणांच्या घागरीत हात घालतो, असं मी बैठकीत बोललो तेव्हा दोघे-तिघे उठून गेले. गेले तर गेले.

डाळिंबवाल्यांचं गणित यांच्या मधलं आहे. सांगोल्यात ठिबकवर बागा आल्या त्या या माळरानाच्या जोरावरच. हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन डाळिंबाला मानवते आणि तो मुरूम बहुतेक ठिकाणी मांजऱ्या कुजूनच झालेला असतो. म्हणजे जो खडक बागेला पाणी देतो, त्याचीच माती बागेला लागते. अडचण होते ती बहार धरल्यावर विहीर आटली की. मग बोअरची गाडी.

खोल गेलं की पाणी?

आपल्या खडकात पाण्याचा मोठा साठा असतो तो वरच्या झिजलेल्या पट्ट्यात, साधारण चाळीस-साठ फुटांपर्यंत. त्याखाली थर एकावर एक असले तरी वरच्या ओझ्यानं आणि खनिजं साठून भोकं, चिरा बुजलेल्या असतात. दोन थरांच्या सांध्यावर पाणी लागतं, पण ते नशिबाचं आणि बेतानं. तिथंच अनेकदा तांबडी चिकण लागते. एका लाव्हावर दुसरा येण्याआधी जो काळ गेला, त्यात पहिल्याचा माथा कुजून ती झाली, आणि वरून आलेल्या रसानं भाजली. ही तांबडी माती पाणी सोडत नाही, वरचं पाणी मात्र अडवून धरते. विहिरीत ती लागली तर तिथं बांधकाम करून घ्यावं, नाहीतर ती ढासळते. बोअरमध्ये तिथंच भोक बुजतं आणि मोटर अडकते. यंत्रानं विजेची रोधकता मोजून जागा सांगणारे आहेत. ते यंत्र खडकाचा कठीणपणा कुठं बदलतो ते सांगतं, पण ओली चिकण आणि पाणी त्याला पुष्कळदा सारखीच वाटतात. म्हणून यंत्रावर सगळा भार टाकू नये.

शिवाय खोल बोअर शेजाऱ्याला भोवतो. वरच्या मांजऱ्यातलं पाणी त्या भोकातून खालच्या कोरड्या चिरांत उतरतं. बोअर कोरडा तो कोरडा, आणि शेजारची भरलेली विहीर हातभर खाली. मग बांधाला बांध लागून भांडण. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानं शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल बोअरला मनाई केली. हा कायदा २०१४ पासून लागू आहे. त्याआधीच्या १९९३ च्या कायद्यानं गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, असं ठरवलं होतं. कागद काय म्हणतो आणि रात्री गाडी किती फूट उतरते, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

बोअर वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्या गावांची तहान भागली ती बोअर आणि हापशावर. ज्या हापशाला देशभर इंडिया मार्क-२ म्हणून ओळखतात, त्याचा आराखडा सत्तरच्या दशकात आपल्या सोलापुरात बनणाऱ्या पंपावरून घेतलेला. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातच थोड्यांना ठाऊक आहे. पण हापसा मिनिटाला बारा-पंधरा लिटर पाणी मागतो. सांध्यातली बारीकशी झीर त्याला पुरते. तीन अश्वशक्तीची मोटर त्याच्या दहापट तरी ओढते. पिण्यासाठी जो काळा खडक पुरा पडला, तो बागेला पुरा पडत नाही, यात खडकाचा काय दोष?

पाणी अडवताना तरी बघा

पाझर तलाव, नालाबांध यांची जागाही खडकावर ठरायला हवी. तळाला झिजलेला मांजऱ्या असेल तर तलाव पाझरतो आणि खालच्या विहिरींना उमाळे फुटतात. तळाला अखंड काळा असेल तर ते नुसतं ताट. पाणी दिसतं छान, फोटोलाही छान, पण मे महिन्यात इथं दिवसाला दहा मिलिमीटरच्या पुढं पाणी उन्हानं उडतं. अशा जागी साठवण तलाव म्हणावं आणि तेवढीच अपेक्षा ठेवावी. याच्या उलट शेततळं. मांजऱ्या मुरमात खोदलेलं शेततळं कागद न अंथरता पाणी धरणारच नाही. भीमा-सीनेकाठच्या खोल काळ्या रानात आणखी वेगळी अडचण. खाली मांजऱ्या असला तरी वरची चिकण माती फुगून तोंड बंद करते. तिथं ओढ्याच्या पात्रात, माती जिथं धुऊन गेली आहे, तिथंच पाणी मुरवावं लागतं.

आणि मुरमाचं काय? रस्त्याला, प्लॉटिंगला, भरावाला माळाचा मुरूम ट्रॉलीच्या ट्रॉली भरून जातो. माळ म्हणजे पडीक, म्हणून कोणाला काही वाटत नाही. पण तो मुरूम आणि त्याखालचा सडका मांजऱ्या म्हणजेच खालच्या विहिरींची टाकी. ग्रामसभेत ठराव घेताना एवढं विचारा की या माळाखाली उताराला कोणाकोणाच्या विहिरी आहेत.

शेतकरी बंधूंनो, नवी विहीर किंवा बोअर घेण्याआधी चारी बाजूंच्या विहिरींत डोकावून किती परसावर काय लागलंय ते वहीत लिहून काढा. उन्हाळ्यात उतरलात तर उत्तम, कारण झरे नेमके कुठून येतात ते तेव्हाच दिसतं. बहुतेकदा ते मांजऱ्याच्या बुडातून, काळ्याच्या डोक्यावरून येताना दिसतील. बोअर घेणारच असाल तर दर दहा फुटांना निघणारा चुरा मूठभर पिशवीत भरून वर खोली लिहा. काळा चुरा करडा-काळसर आणि चरचरीत, मांजऱ्याचा तांबूस, त्यात पांढरे कण. सलग शंभर फूट काळा कोरडा चुरा येत असेल तर गाडीवाल्याला थांबवायचा हक्क तुमचा आहे, कारण फुटाचे पैसे तुमचे आहेत. सोलापुरात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय आहे. गावोगावच्या निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी तिथं ठेवल्या जातात. तिथं जाताना गट नंबर, सातबारा आणि ही चुऱ्याची पिशवी सोबत न्या. नुसतं "साहेब, पाणी कुठं लागंल" असं विचारलं तर भूवैज्ञानिकही काय सांगणार? पिशवी टेबलावर ठेवली की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.